बिल्ला, नोंद आणि दोन वर्षांची मुदत

कर्जत-मुरबाड रस्त्यावर कशेळ्याच्या नाक्यावर पाच-दहा मिनिटे उभे राहिले, तरी ‘रेडियम’ अनेकदा नजरेस पडते. टमटमच्या मागच्या काचेवर ‘आईची कृपा’, मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर चमकणारे आकडे, टेम्पोच्या फाळक्यावर लाल-पांढरे पट्टे. हे कापून देणाऱ्या दुकानांची नावेही ‘अमुक रेडियम आर्ट’ अशीच. त्या पट्टीत रेडियम नावालाही नसते. दिव्याचा उजेड परत फेकणारा तो एक प्लास्टिकचा पापुद्रा. अंधारात चमकते ते रेडियम, हे समीकरण रूढ केले ते शंभर वर्षांपूर्वीच्या घड्याळांच्या तबकड्यांनी. त्या तबकड्यांवर मात्र खरेच रेडियम होते, आणि किरणोत्सर्गाने आजारी पडलेल्या कामगारांच्या कायदेशीर दाव्यांचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ऑरेंज या गावी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७च्या सुमारास, तबकड्यांवर चमकता रंग भरण्याचा कारखाना निघाला. पुढे त्याचे नाव ‘युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन’ झाले. कामाला बहुतेक तरुण मुली. आकडे बारीक, म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून टोकदार करायचे, रंगात बुडवायचे, आकडा काढायचा, पुन्हा ओठांत. शरीर रेडियमला कॅल्शियम समजते आणि हाडांत साठवते. काही वर्षांनी या मुलींचे दात पडू लागले, जबडे कुजू लागले. १९२२मध्ये मरण पावलेल्या एका मुलीच्या मृत्यूच्या दाखल्यावर गुप्तरोगाचे कारण लिहिले गेले. तिच्या अब्रूवरच घाला घालणारी ही नोंद १९२७मध्ये तिचे शव उकरून तपासल्यावर खोटी ठरली. कंपनीनेच नेमलेले हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ सेसिल ड्रिंकर यांनी १९२४मध्ये दोष कारखान्याच्या धुळीकडे आणि रंगाकडे दाखवला, तर कंपनीने त्यांचा अहवाल दाबून ठेवला आणि सरकारी खात्याला त्याचे उलटे रूप कळवले. १९२५मध्ये हॅरिसन मार्टलँड या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने रोगाचे कारण निर्विवादपणे मांडले.

ग्रेस फ्रायर ही त्यांतली एक. वकील शोधण्यातच तिची दोन वर्षे गेली. अखेर रेमंड बेरी या तरुण वकिलाने १९२७च्या मे महिन्यात तिचा दावा दाखल केला, आणि पुढे आणखी चौघी तिच्यासोबत आल्या. अडचण एकच होती, मुदतीची. इजा झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा करायचा असा नियम, आणि या मुलींनी कारखाना सोडून कितीतरी वर्षे लोटलेली. बेरीने केलेला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. रेडियम हाडांत बसून आहे, त्याचा मारा क्षणोक्षणी चालू आहे, म्हणजे इजा रोज नव्याने होते आहे. मग मुदत संपली असे म्हणायचे तरी कोणत्या दिवशी? रेडियमची निम्मी शक्ती ओसरायला सुमारे १६०० वर्षे लागतात, हे लक्षात घेतले तर या प्रश्नातली धार कळते.

प्रश्नाला उत्तर मिळालेच नाही. जानेवारी १९२८च्या सुनावणीत शपथेसाठी हात वर करायचीही काहींना ताकद नव्हती. पुढची तारीख सप्टेंबरची पडली, वर्तमानपत्रांनी ओरड केली आणि जूनमध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. पैसे मिळाले, निवाडा झाला नाही. कामगारांच्या बाजूने खरा निवाडा लागायला आणखी दहा वर्षे गेली. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावच्या ‘रेडियम डायल’ कंपनीतली कॅथरिन डोनोह्यू १९३८मध्ये औद्योगिक आयोगापुढे जिंकली आणि त्याच वर्षी जुलैत गेली. कंपनी तोवर दुसऱ्या राज्यात निघून गेली होती, आणि मागे वसूल करण्याजोगी उरली होती ती आयोगाकडे ठेवलेली १०,००० डॉलरची अनामत.

या गोष्टी अनेकदा सांगितल्या जातात आणि बहुधा करुणकथा म्हणून सांगितल्या जातात. मला त्यांत कायद्याच्या दोन गाठी दिसतात. आजार कामामुळे झाला हे सिद्ध कोणी करायचे, आणि किती वर्षांच्या आत? या दोन गाठी ऑरेंजला पडल्या तशाच आपल्याकडे, कर्जत-खालापूरच्या पायथ्यालाही पडल्या आहेत.

हा पायथा मजुरांच्या जिवावर उभा राहिला आहे, हे इथल्या जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको. बोरघाटातल्या रेल्वेचे काम १८५६मध्ये सुरू झाले आणि १८६३च्या एप्रिलमध्ये ती वाट खुली झाली. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर घाटात होते. थकलेल्या मजुरीवरून १८५९मध्ये दंगा झाला, ठेकेदार बदलला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम पुढे नेले. तिचे नाव इतिहासात राहिले. पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि कडा कोसळून मेलेल्या हजारो मजुरांची नावे राहिली नाहीत, कारण ती ठेवण्याची कोणावर कायदेशीर जबाबदारीच नव्हती. त्यासाठी होता तो १८५५चा जीवघेण्या अपघातांचा कायदा. त्याखाली मेलेल्याच्या वारसांनी दिवाणी कोर्टात जाऊन मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करायचा. घाटात माती उपसणाऱ्याची बायको कुठल्या कोर्टात जाणार? १९१५ साली खोपोलीचे आणि १९२२ साली भिवपुरीचे टाटांचे वीजघर सुरू झाले, तेव्हाही कायद्याची स्थिती हीच होती.

ती बदलली १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. १ जुलै १९२४पासून तो लागू झाला. या कायद्याची थोरवी अशी, की मालकाची चूक होती की नाही हा प्रश्नच त्याने बाजूला ठेवला. कामावर, कामामुळे इजा झाली ना, मग भरपाई. आजारांसाठी त्याने एक परिशिष्ट जोडले. त्यात आजार आणि त्यासमोर ते ते काम. त्या कामावरच्या माणसाला तो आजार झाला तर तो कामामुळेच झाला असे कायद्याने गृहीत धरायचे. तसे नाही, हे दाखवायचे ओझे मालकावर. सुरुवातीची यादी अगदी तोकडी होती. अँथ्रॅक्स, शिसे, फॉस्फरस. पुढे १९३४मध्ये जिनीव्याच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या यादीत रेडियम, इतर किरणोत्सर्गी पदार्थ आणि क्ष-किरण यांनी होणारे विकार घातले. तबकड्या रंगवणाऱ्या मुलींचे मरण त्या वेळी ताजे होते. भारताने हा करार १९६४मध्ये मान्य केला. आज आपल्या परिशिष्टाच्या ‘ब’ भागात किरणोत्सर्गी पदार्थ व आयनकारी किरण यांनी होणारे आजार आहेत, आणि समोरच्या रकान्यात अशा किरणांशी संबंध येणारे कोणतेही काम.

इथवर वाचून समाधान वाटावे. पण परिशिष्टाचे ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असे भाग आहेत आणि भागागणिक नियम वेगळा. ‘क’ भागात सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टॉसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस असे फुप्फुसाचे आजार आहेत. या भागातला आजार झाला तर कामगाराने निरनिराळ्या मालकांकडे केलेली वर्षे एकत्र धरली जातात आणि आयुक्त भरपाईचा बोजा त्या सगळ्या मालकांत वाटून देतो. ‘ब’ भागाला ही सवलत नाही. तिथे एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली हवी, आणि त्याच प्रकारचे काम दुसऱ्या मालकाकडे केले असेल तर ते या सहा महिन्यांत धरायचे नाही, असे कायदा स्पष्टपणे सांगतो. एका ठेकेदाराकडे चार महिने, दुसऱ्याकडे पाच, तिसऱ्याकडे साडेपाच, असे आयुष्य काढलेल्या माणसाचे कायद्याच्या हिशेबी वजन शून्य. किरणांचा हिशेब शरीरात मात्र बेरजेनेच होत राहतो. माझ्या मते हे वर्गीकरणच चुकीच्या खणात पडले आहे. मात्रा वर्षानुवर्षे साठत जाऊन धोका वाढणे हे लक्षण धुळीच्या आजारांचे, आणि तेच किरणांचेही. मग खण वेगळे का?

दुसरी गाठ मुदतीची. दावा दोन वर्षांत करायचा. आजाराच्या बाबतीत, आजारामुळे कामावर येणे बंद झाले तो पहिला दिवस म्हणजे अपघाताचा दिवस. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली तर लक्षण दिसले तो दिवस धरायचा. न्यू जर्सीतली दोन वर्षे आणि आपली दोन वर्षे, हा योगायोगच. पण क्ष-किरणांनी वा गॅमा किरणांनी होणारा रक्ताचा कर्करोग यायला बहुधा काही वर्षे लागतात, आणि फुप्फुस, पोट, हाडे यांतल्या गाठी दहा, वीस, तीस वर्षांनी दिसतात. नोकरी सुटल्यावर झालेला आजारही कायदा नाकारत नाही. पण मग तो त्या कामातूनच उद्भवला हे सिद्ध करायचे ओझे कामगारावर येते. विलंब माफ करायचा अधिकार आयुक्ताला आहे, पुरेसे कारण दाखवले तर. थोडक्यात, जिथे कायद्याचे गृहीतक सर्वांत उपयोगी पडायचे, नेमके तिथेच ते हात सोडते.

सिद्ध करायचे म्हणजे काय, हे पाहण्यासाठी जपानकडे वळावे लागते. त्याला कारण आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर चालू झाल्या आणि जपानच्या त्सुरुगा गावची भट्टी मार्च १९७०मध्ये. दोन्ही ठिकाणची रचना अमेरिकेच्या ‘जनरल इलेक्ट्रिक’ची, पाणी थेट भट्टीतच उकळणारी. २७ मे १९७१ रोजी काझुयुकी इवासा हे नळकाम करणारे पोटठेकेदाराचे कामगार त्सुरुगाच्या भट्टीच्या इमारतीत अडीच तास काम करून आले. काही दिवसांनी गुडघ्यावर चट्टा उठला, ताप, थकवा. ओसाका विद्यापीठाच्या डॉक्टरांनी किरणांनी झालेला त्वचादाह असे निदान केले. १९७४मध्ये त्यांनी वीज कंपनीवर दावा लावला. नोंदवहीत त्यांची त्या दिवसाची मात्रा होती एक मिलिरेम, छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी. कोर्टाने वही मानली. १९८१मध्ये खालच्या कोर्टात, १९८७मध्ये वरच्या आणि १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. सतरा वर्षांच्या या लढाईत त्यांच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार एक आकडा होता, आणि तो आकडा प्रतिवादीच्या दप्तरातला होता.

त्याच जपानने दुसऱ्या बाजूने एक शहाणपण दाखवले. १९७६मध्ये तिथल्या कामगार मंत्रालयाने एक फूटपट्टी ठरवून टाकली. किरणांच्या कामातल्या वर्षांना पाच मिलिसिव्हर्टने गुणायचे. कामगाराची एकूण मात्रा तेवढी किंवा जास्त असेल आणि पहिल्या संपर्कानंतर वर्ष उलटून रक्ताचा कर्करोग झाला असेल, तर तो कामामुळे झाला असे धरायचे. हामाओका केंद्रात दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका तरुणाची जवळजवळ नऊ वर्षांची मात्रा पन्नास मिलिसिव्हर्टच्या किंचित वर होती. एकोणतिसाव्या वर्षी तो गेला आणि १९९४मध्ये त्याच्या आईवडिलांचा दावा मान्य झाला. गंमत अशी, की ही मात्रा कायद्याच्या वार्षिक मर्यादेत पूर्णपणे बसणारी होती. मर्यादा पाळली म्हणजे जबाबदारी संपली, असे या फूटपट्टीत कुठेही म्हटलेले नाही. फुकुशिमाच्या आवराआवरीत काम केलेल्या कामगाराचा पहिला दावा ऑक्टोबर २०१५मध्ये याच मोजमापाने मान्य झाला.

ब्रिटनमध्ये विंडस्केलच्या कामगारांच्या विधवांनी खटले भरल्यावर कंपनी आणि संघटनांनी १९८२मध्ये आपसात योजनाच बांधली. आजार किरणांमुळे झाला असण्याची शक्यता पन्नास टक्के निघाली तर पूर्ण भरपाई, आणि वीस टक्के निघाली तरी चतुर्थांश. कोर्टात ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. इथे ‘कदाचित’लाही किंमत मिळाली. अमेरिकेने १९९०मध्ये युरेनियमच्या खाणकामगारांसाठी कायदा केला. त्यांत नावाहो आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि कोर्टात ते आधी हरले होते. २०००मध्ये अण्वस्त्र कारखान्यांतल्या कामगारांसाठी दीड लाख डॉलरची ठोक रक्कम ठरली.

आता तारापूर. सत्तरच्या दशकात तिथल्या इंधनसळ्यांची आवरणे गळू लागली, किरणोत्सर्गी द्रव्य नळांत आणि पंपांत पसरले, आणि दुरुस्तीच्या जागा तापल्या. तापल्या म्हणजे किरणांनी. अशा जागी एका माणसाला फार वेळ ठेवता येत नाही. वर्षाची मर्यादा काही मिनिटांत भरू शकते. मग उपाय एकच, माणसे बदलायची. एकाने नट सैल करायचा, दुसऱ्याने काढायचा, तिसऱ्याने नवा बसवायचा. प्रफुल्ल बिडवई यांच्यासारख्या पत्रकारांनी त्याच दशकाच्या अखेरीस तारापूरच्या कामगारांना मिळणाऱ्या मात्रेविषयी लिहायला सुरुवात केली, तेव्हा हा विषय पहिल्यांदा वृत्तपत्रांत आला.

या वाटणीत बेकायदा काही नाही, आणि म्हणूनच ती नीट समजून घ्यावी लागते. शंभर एककांची मात्रा दहा जणांत वाटली काय किंवा शंभर जणांत वाटली काय, बेरीज तेवढीच राहते. किरणांपासूनच्या संरक्षणाचे सगळे आंतरराष्ट्रीय गणित ज्या गृहीतकावर उभे आहे त्यानुसार होणाऱ्या कर्करोगांची अपेक्षित संख्याही तेवढीच राहते. बदलते ते फक्त प्रत्येकाच्या नावासमोरचे आकडे. ते सगळेच लहान, सगळेच मर्यादेत. पुढे त्या शंभरांतल्या एखाद्याला आजार झालाच, तर त्याच्या हातातला कागद त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. दावा एकट्या माणसाचा असतो आणि अपाय सगळ्यांचा मिळून. या दोहोंची गाठ घालून देणारी तरतूद आपल्या कायद्यात नाही.

तो कागद येतो कुठून? बिल्ल्यातून. किरणांच्या कामावरचा माणूस छातीवर एक छोटा बिल्ला लावतो. पूर्वी त्यात फोटोची फिल्म असे, आणि ती किती काळवंडली यावरून मात्रा काढत. १९७५पासून आपल्याकडे टीएलडी बिल्ला आला. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरण पडले की त्यांत ऊर्जा अडकून राहते. पुढे प्रयोगशाळेत चकती तापवली की तीच ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते, आणि उजेड मोजला की मात्रा कळते. आकडा देशाच्या मात्रा-नोंदणीत जातो. ही नोंदणी मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे. सध्याची मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कोणत्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. यंत्रणा म्हणून हे सगळे चोख आहे. मात्र बिल्ला ज्याच्या छातीवर आहे त्याचेच तो सांगतो. खुंटीला टांगून ठेवलेला बिल्ला खुंटीची मात्रा सांगतो.

यंत्रणा चालते तेव्हा काय होते याचे उदाहरण जवळच, कारवारच्या कैगा केंद्रातले आहे. नोव्हेंबर २००९मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कोणीतरी ट्रिशियममिश्रित जड पाणी मिसळले. पन्नासहून अधिक कामगारांच्या पोटात ते गेले. कळले ते लघवीच्या नेहमीच्या तपासणीत. यंत्रणा चालत नाही तेव्हाचे उदाहरण कल्पाक्कमचे. २१ जानेवारी २००३ रोजी झडप गळून जहाल द्रव कमी तीव्रतेच्या टाकीत उतरला. धोका सांगणारे यंत्र त्या जागी नव्हते. नमुना काढायला गेलेल्या सहा जणांना वार्षिक सरासरी मर्यादेच्या कितीतरी पट मात्रा मिळाली. ही जागा भाभा केंद्राच्या अखत्यारीतली, आणि केंद्राच्या कामावर देखरेख करण्याचा अणुऊर्जा नियामक मंडळाचा अधिकार २०००मध्येच काढून घेतलेला. कामगार संघटनेने आवाज उठवला नसता तर ही गोष्ट त्या वर्षी बाहेर आली असती का, याची मला शंका आहे.

बाहेर येण्याचा मुद्दा कोर्टातही गेला होता. नियामक मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांच्या काळात, १९९५मध्ये, अणुकेंद्रांतल्या १३० त्रुटींचा अहवाल तयार झाला. तो जाहीर करावा म्हणून लोकस्वातंत्र्य संघटना आणि मुंबई सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे यश आले नाही, आणि ६ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही १९६२च्या अणुऊर्जा कायद्याचे कलम १८ आणि सरकारचा गुप्ततेचा हक्क कायम ठेवला. त्याच न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांबद्दल किती वेगळी भूमिका घेतली होती! प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतले जे नंतरचे असेल तोवर जपायची. धुळीच्या बाबतीत आजाराचा उशीर न्यायालयाने ओळखला. २०१०च्या अणुअपघात दायित्व कायद्यातही शारीरिक इजेच्या दाव्याला २० वर्षांची मुदत दिली गेली. ती मिळाली अपघातासाठी. रोज थोडे थोडे घेतलेल्या किरणांसाठी दोन वर्षेच राहिली.

हे सगळे कशेळ्याला बसून लिहायचे कारण काय, असे कोणी विचारेल. अणुभट्टी इथे नाही. कर्जत आता फार्महाउसवाल्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. पण आसपासच्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांतली आणि गावठाणातली, आयटीआय केलेली व न केलेली मुले खोपोली, पाताळगंगा, रसायनी, तळोजा इथे ठेक्याच्या कामाला जातात, आणि अशा औद्योगिक पट्ट्यांत किरण येतात ते रात्री. पाइप, बॉयलर, टाक्या यांच्या वेल्डिंगचे जोड आतून सलग आहेत की नाहीत, हे पाहायला त्यांचा फोटो काढतात. त्यासाठी लागतो इरिडियम-१९२चा दाणा. तो मिलिमीटरभराचा असतो आणि त्याची निम्मी शक्ती ७४ दिवसांत ओसरते. ज्या जड पेटीत तो बंद असतो तिला कामगार ‘कॅमेरा’ म्हणतात. लांब तार फिरवून दाणा बाहेर सरकवायचा, जोडापलीकडे लावलेल्या फिल्मवर छाप घ्यायची, दाणा परत आत. इतर कामगार दूर असावेत म्हणून हे बहुधा रात्रीचे काम, आणि शटडाउनच्या दिवसांत रात्रभर चालते. प्रशिक्षित ऑपरेटरकडे बिल्ला असतो. दोरी बांधणारा, फिल्म लावणारा, जिना धरणारा हेल्पर मुकादमाने त्या दिवशी धाडलेला असतो.

दाणा परत आत गेला नाही, किंवा तारेपासून सुटून पडला, तर तो पडलेल्या खिळ्याहून वेगळा दिसत नाही. फेब्रुवारी १९९९मध्ये पेरू देशात यानांगो येथे एका जलविद्युत केंद्राच्या बांधकामावर एका वेल्डरने असाच पडलेला तुकडा उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि काही तासांनी तो घरी घेऊन गेला. त्याला पाय गमवावा लागला. तो वेल्डर होता, किरणांचा कामगार नव्हता, त्यामुळे बिल्ल्याचा प्रश्नच नव्हता. २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाने भंगारात काढलेल्या यंत्रातला कोबाल्ट फोडणारे भंगार कामगारही तसेच. त्यांतला एक दगावला. अशा उघड भाजण्याच्या घटनांत निदान कारण सिद्ध करावे लागत नाही, जखमच बोलते. कठीण जाते ती बिनजखमेची गोष्ट, पंधरा वर्षांनंतर डॉक्टरने सांगितलेली.

कायदा इथे अगदीच रिकामा नाही. ठेकेदाराच्या मजुराला तो मूळ मालकाकडे भरपाई मागू देतो. १९९५च्या दुरुस्तीनंतर दावा कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात त्या हद्दीतल्या आयुक्ताकडे करता येतो. कशेळ्याच्या विधवेला तारापूर गाठायची गरज नाही. २०१७पासून मालकाने कामावर घेतानाच हे हक्क लेखी कळवायचे आहेत, तेही त्या भागातल्या राजभाषेत, म्हणजे मराठीत. चाळीस वर्षांचा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर जानेवारी २०२०मध्ये ठरलेल्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेने हिशेब १६,५७,५३० रुपयांवर जात होता. मृत्यू झाल्यास १३,८१,२७५. जिथे राज्य विमा योजना लागू आहे तिथे हाच मामला विमा महामंडळाकडे जातो. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही व्यावसायिक आजारांचे परिशिष्ट पुढे चालू ठेवले आहे.

कागदाबद्दलही एक तरतूद आहे, आणि माझ्या अनुभवाने ती कामगारांनाच काय, वकिलांनाही क्वचित ठाऊक असते. अणुऊर्जा (किरणसंरक्षण) नियम, २००४ यांच्याप्रमाणे मालकाने किरणांच्या कामगाराला त्याच्या मात्रेची आणि आरोग्याची नोंद दरवर्षी द्यायची, तो मागेल तेव्हा द्यायची, आणि नोकरी संपताना द्यायची. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मानकाप्रमाणे ही नोंद कामगार ७५ वर्षांचा होईतो आणि काम सोडल्यावर निदान ३० वर्षे जपायची असते.

म्हणजे ज्याला बिल्ला मिळाला त्याला कागद मिळू शकतो. हेल्परकडे असू शकते ते एवढेच. मुकादमाच्या वहीतली हजेरी, बँकेच्या पासबुकात आलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक काढला असेल तर तो, आणि कारखान्याचा गेटपास. शटडाउन संपला, की गेटपास बहुतेक ठिकाणी गेटवरच जमा करून घेतात.